तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच दिवसाची वारी

पालखी पुण्यात मुक्कामी आली की मला हटकून विचारले जाते, “पुणे ते सासवड एवढेच चालायचे असेल, तर ती वारी कसली?” विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दिवे घाट फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो, हे आधी नोंदवून ठेवते. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा हा सर्वांत मोठा टप्पा आहे, सुमारे तीस किलोमीटरांचा. त्या दिवशी बहुधा एकादशी असल्याने पोटात साबुदाणा आणि केळी एवढेच असते. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते आणि आम्ही वडकीच्या दिशेने निघतो. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात.

हे सगळे खरे असले, तरी प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे मला कळते. सासूबाईंचे आजारपण, नसलेली रजा ही माझी जुनी कारणे होती. आता सासूबाई नाहीत आणि मी निवृत्त झाले आहे.

काही वर्षांपूर्वी घाटाच्या कठड्याशी परभणीकडची एक म्हातारी बसलेली होती. डोईवरचे तुळशीवृंदावन जमिनीला टेकू नये म्हणून तिने ते मांडीवर घेतले होते. टाचेच्या भेगेतून रक्त येत होते आणि ती लुगड्याच्या काठाची चिंधी दातांनी फाडत होती. मी वृंदावन धरले, तिने टाच बांधली. सासवडहून माझी गाडी परत पुण्याला जाणार होती, म्हणून मी म्हटले, “माउली, रात्री माझ्या घरी चला, डॉक्टरांना दाखवू, उद्या परत आणून सोडते.” तिने विचारले, “मंजी तू आज घरी जानार?” मी हो म्हटले. “मंग दरसाल येतीस कशाला गं?” एवढे बोलून तिने वृंदावन मागून घेतले, डोक्यावर ठेवले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ती दिंडीला गाठायला निघाली.

मला ते फार लागले. त्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले, की त्या माउलीने माझे डोळे उघडले. आज मला तसे वाटत नाही. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच नवल वाटले असावे, आणि तिच्या साध्या प्रश्नाला मी उपदेश करून टाकले. मात्र तुम्ही तोच प्रश्न विचारता तेव्हा त्यात टोमणा असतो, म्हणून मी चिडते.

पण चिडून उत्तर मिळत नाही. मी मोकळ्या समाजात चालते, कोणत्याही दिंडीला बांधलेली नाही, आणि हे मला आवडते, हेही खरे आहे. आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचेपर्यंत रोज तंबूत झोपणे आणि पहाटे टँकरपाशी रांग लावणे मला झेपेल की नाही, याची भीती वाटते, हेही तितकेच खरे. गेल्या वर्षी एका दिंडीत भिशी, म्हणजे वारीभराच्या जेवणाखाण्याची वर्गणी, किती भरावी लागते याची चौकशी केली. रक्कम जास्त नव्हती. तरीही भरली नाही.