एअरफोर्समधून विमानाचं इंजिनिअरिंग, फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

गावाकडे गेलो की भरतीची तयारी करणारी पोरं गाठतातच आणि प्रश्न ठरलेला, काका एअरफोर्समध्ये गेलं की बाहेर येऊन विमान कंपनीत इंजिनिअर होता येतं ना? येतं. मी स्वतः प्रोपल्शन फिटर, म्हणजे विमानाच्या इंजिनांची देखभाल करणारा, होतो आणि आज सिव्हिल विमानांवर काम करतो, पण मधला रस्ता कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या वेळी बेळगावला सांबऱ्यात बेसिक ट्रेनिंग व्हायचं आणि मग ट्रेडप्रमाणे, म्हणजे ज्याला जे काम मिळालं त्याप्रमाणे, कोणी तांबरमला तर कोणी जलाहळ्ळीला. तिथे हाताला जे वळण लागतं ना, ते बाहेर लाखो रुपये फी भरूनही सहज मिळत नाही. साधी लॉकिंग वायर घ्या, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार. ती अशी पिळून ओढायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर वायरने त्याला घट्ट व्हायच्या बाजूलाच खेचलं पाहिजे, उलटी बसली की सीनियर काही न बोलता कटरने कापणार आणि तुम्ही परत पहिल्यापासून. काम संपल्यावर टूलबॉक्स मोजायचा, एक सॉकेट जरी कमी भरला तरी विमान उडत नाही, सापडेपर्यंत सगळे हँगरमध्येच, रात्रीचे किती का वाजेनात. हे सगळं मला आजही रोज उपयोगी पडतं.

पण सिव्हिलमध्ये काम झाल्यावर विमान उडायला सोडायची सही करायला डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान खात्याचं, एएमई (विमान मेंटेनन्स इंजिनिअर) लायसन्स लागतं आणि ते सर्व्हिसबरोबर आपोआप मिळत नाही. बी-वन म्हणजे इंजिन आणि मेकॅनिकलवाल्यांचं, बी-टू एव्हिऑनिक्सवाल्यांचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं, दोन्हीला कार-६६ ची, म्हणजे या लायसन्सच्या नियमावलीची, मॉड्यूल्स (परीक्षेचे विषय) पास करावी लागतात. एअरफोर्सचा अनुभव धरतात, पण नुसत्या त्यावर भागत नाही, सिव्हिल विमानांवरचा अनुभव वेगळा दाखवावा लागतो. म्हणून सर्व्हिसमध्ये असतानाच, युनिटची परवानगी घेऊन, परीक्षा द्यायला लागा. माझे कितीतरी चांगले सहकारी वीस वर्षं करून चाळिशीला बाहेर आले आणि तेव्हा पुस्तक उघडलं. घर, मुलांच्या शाळा, सगळं एकदम अंगावर, फार जड जातं हो ते, बघवत नाही.

आता २०२२ पासून अग्निवीर आलंय, त्यामुळे हिशोबच बदलला. चार वर्षं, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्केच कायम. शिवाय तुम्हाला विमानावरचंच काम मिळेल याची खात्री नाही, हे फॉर्म भरायच्या आधी घरच्यांना पण समजावून सांगा. विमानावर काम मिळालंच तर चार वर्षांत जितकी मॉड्यूल्स निघतील तितकी काढा. बारावीनंतर डिप्लोमा करून गेलात तर माझ्या मते पाया जास्त पक्का राहतो.

आणि बाहेर आल्यावर मुंबई-दिल्लीच कशाला, नागपूरला मिहानमध्ये मोठ्या बोइंग विमानांचं मेंटेनन्स होतं, नाशिकजवळ ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना आहे.

मॉड्यूलपैकी दहावं, म्हणजे कायद्याचं, आधी घ्या. बाकीचं बरंचसं हाताखालून गेलेलं असतं, पण सिव्हिलचे नियम आपल्याला पूर्ण नवे असतात आणि आपली फौजी पोरं जास्त करून तिथेच अडकलेली मी बघितलीत.