‘दुखायलंय’ म्हणायची मुभा

कागदावरचं ते वाक्य मी तीनदा वाचलं, मगच सही केली. त्याचा अर्थ असा होता: कोणत्याही कारणानं तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, तर मसाज थांबवायला सांगा, सांगितलं की थेरपिस्ट तिथंच सत्र संपवेल.

कोणत्याही कारणानं! म्हणजे ते कारण पटवून द्यायची जबाबदारी माझ्यावर नाही. मला वाटलं, हे त्या दुकानाचं सौजन्य असेल. पण टेक्सस राज्याचा तसा नियमच आहे. पहिल्यांदा येणाऱ्याशी बोलून असा कागद करायचा, त्यावर कोणत्या प्रकारचा मसाज करणार, अंगाच्या कोणत्या भागाला हात लावणार, कोणता भाग टाळणार हे लिहायचं, अंग चादरीनं झाकलेलं राहील हेही लिहायचं आणि सही घ्यायची. मसाज करणाऱ्याला परवाना लागतो आणि त्यासाठी किमान 500 तासांचं शिक्षण. आयर्विंगला येऊन मला आठ वर्षं झाली, पण हे काहीच माहीत नव्हतं. लॅपटॉपपुढं बसून डाव्या खांद्याची पार गाठ झाली, मान वळेना, तेव्हा नांदेडच्या एका मैत्रिणीनं हट्टानं पाठवलं.

त्या चादरीबद्दल मला सांगायचंच आहे. मसाज करणारी मुलगी म्हणाली, “तुम्हाला चालेल तेवढेच कपडे काढा, चादरीखाली पालथ्या झोपा, मी बाहेर थांबते.” आत येण्याआधी तिनं दार वाजवलं आणि मी हो म्हणेपर्यंत थांबली. पाठ करायची तर पाठच उघडी, बाकी चादर कडेनं नीट खोचलेली. पायाकडं गेली तेव्हा आधी पाठ झाकली, मग एकच पाय काढला. कूस बदलताना चादर हातानं उचलून धरली आणि स्वतः तोंड फिरवलं. पूर्ण तासात एकदाही मला चादर ओढून घ्यावी लागली नाही. बाईच्या जातीला ती ओढून घ्यायची सवय किती खोल असते, हे ती सुटल्यावर कळलं. घोट्यांखाली गुंडाळी ठेवली होती, त्यामुळं कंबरेवरचा ताणही गेला. मंगळसूत्र काढू का, असं मीच विचारलं. ती म्हणाली, “गळ्यात ठेवायचं असेल तर राहू द्या, मी त्याच्या बाजूनं करीन.”

मग तिनं विचारलं, दाब एक ते दहात किती वाटतोय? खांद्याच्या फऱ्याखाली कळ जात होती. मी म्हणाले, “ठीक आहे.” दोन मिनिटांनी तिनं हात उचलले. “तुम्ही श्वास धरून ठेवलाय,” ती म्हणाली. दाब सोसवेनासा झाला की माणूस नकळत श्वास रोखतो, स्नायू आवळून घेतो आणि मग कितीही जोर लावला तरी गाठ सुटत नाही, असं तिनं समजावलं. दाब कमी केला. माझं तोंड त्या टेबलाच्या खोबणीत होतं, म्हणून डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं नाही.

थोरल्याच्या वेळी मी माहेरी, परभणीला होते. सव्वा महिना रोज सकाळी न्हाऊ घालायला मावशी यायची. कोमट करडईचं तेल, न्हाणीतला पाट, बंबाचं कढत पाणी, मग बाजेखाली शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी. मी “मावशी, दुखायलंय” म्हणाले की ती म्हणायची, “दुखू दे माय, दुखतंय तिथंच वारं धरलंय.” आई दारातूनच म्हणायची, “सोस थोडं.” मी सोसायचे. शेजारच्या काकू मधेच येऊन बाळ कुणावर गेलंय ते बघून जायच्या आणि मी तशीच पाटावर.

म्हणून आपलं वाईट आणि इथलं चांगलं, असं कुणी वाचू नये. मावशीनं माझी पाठ उभी केली. तिच्या बोटांना माझी हाडं ठाऊक होती, कारण माझ्या आईची बाळंतपणंही तिच्याच हातची. तिनं कधी कागद मागितला नाही आणि तिला तो लागलाही नाही. इथं दोघी एकमेकींना अनोळखी, तेव्हा लिहूनच घ्यावं लागणार. शिवाय या धंद्याच्या आडून इथं बायकांची विक्रीही होते. मानवी तस्करीविरुद्धची पाटी त्या दुकानात लावलेली होती, तीही कायद्यानंच. एवढा कायदा लागतो तो उगाच नाही. आणि तासाचे पैसे देऊन वर टिप दिली तरी या मुलीला माझ्या लेकराचं नाव ठाऊक नसणार. मावशीला आईनं लुगडं दिलं, पायली-पायलीनं ज्वारी दिली. सव्वा महिना झाला त्या दिवशी दोघी रडल्या.

तरीही मी आता आधीच सांगते. मुलगीच हवी. दाब पाचच्या पुढं नको. गाणं बंद करा, खोली थोडी गरम करा. जेवून लगेच जात नाही. मैत्रिणीला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तिनं ते कागदावर लिहिलं आणि आधी डॉक्टरांना विचारलं. झाल्यावर एकदम उठत नाही, चक्कर येते. जरा बसते, मग उतरते.

परवा आईशी बोलत होते. हल्ली तीच मावशी आईचे गुडघे चोळून देते. मी विचारलं, “आई, तुला दुखतं का गं ती चोळते तेव्हा?” आई गप्प झाली. मग म्हणाली, “उजव्या वाटीखाली अंगठा रोवते ना, तिथं जीव जातो बघ. पण एवढ्या मायेनं करते, तिला कसं म्हणू?”

“एवढंच म्हण, बाई, इथं जरा हलक्या हातानं.”

आईनं ते वाक्य फोनवर एकदा हळूच म्हणून बघितलं.

काल तिचाच फोन आला. “म्हणले बाई मी.”

“मग?”

“ती म्हणाली, ‘वहिनी, आधी का सांगितलं नाही? तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणून मला वाटलं कमी पडायलंय. मी वर्षभर जोर वाढवायलेय.’”