नखाचा मोह

रात्रीचे दोन वाजलेले असतात, खोलीत मिट्ट काळोख असतो आणि कानाशी ती ओळखीची गुणगुण येते. आपण अर्धवट झोपेतच हात उगारतो आणि स्वतःच्याच कानशिलात एक सणसणीत लगावतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कान झणझणत राहतो, डास निसटलेला असतो आणि थोड्या वेळाने ती गुणगुण एकाएकी थांबते. माझ्या अनुभवाने खरी धास्ती घ्यावी ती या शांततेचीच, कारण आवाज येत असतो तोवर डास हवेत आहे एवढी तरी खात्री असते. आवाज थांबला म्हणजे तो कुठेतरी टेकलेला असतो, आणि टेकण्याजोगी जागा बहुधा आपल्याच अंगावर असते.

व्याकरणाने डास पुल्लिंगी ठरवला असला, तरी चावते ती मादीच. नराचे फुलांतल्या गोड रसावर भागते. मादीला मात्र अंडी घालण्यासाठी रक्तातली प्रथिने लागतात. जिला आपण एक सोंड समजतो, तिच्यात सहा बारीक सुया असतात. दोन करवतीसारख्या दातेरी सुया त्वचा कापत आत शिरतात, दोन कापलेली जागा फाकवून धरतात, एकीतून रक्त ओढले जाते आणि सहावीतून लाळ आत सोडली जाते. या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि रक्तवाहिनी सैल राहते. हे सगळे इतके हलक्या हाताने होते की पुष्कळदा पाहुणी जेवून निघून गेल्यावरच आपल्याला ती आल्याचे कळते.

खाज सुटते ती या लाळेपायी, पण ती खाज डास करत नाही, आपले शरीरच करते. लाळेतली परकी प्रथिने दिसताच त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचे खाज आणणारे रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि गांध उठते. म्हणूनच एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर सकाळी चार गांधी असतात आणि दुसरा ऐटीत सांगतो, की मला डास चावतच नाहीत. त्यालाही ते चावलेले असण्याची शक्यता असते, फक्त त्याच्या शरीराने आरडाओरडा केलेला नसतो. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि त्वचेच्या वासाचा माग काढत येणाऱ्या डासांना काही माणसे अधिक आवडतात हेही खरे आहे. मात्र अशी ऐट मिरवणाऱ्याला मी ते मुद्दाम सांगत नाही.

आता त्या गांधीकडे जरा जवळून पाहावे. घोट्याच्या हाडापाशी वाटाण्याएवढा फिकट, घट्ट उंचवटा, मध्ये सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका आणि भोवती गुलाबी कड. नख तिकडे आपोआप जाते. आधी नुसते फिरते, मग दाबते, मग गांधीवर आडवी-उभी फुली उमटते, आणि मग लाज सोडून खाजवणे सुरू होते. त्यात सुख आहे हे कबूल केले पाहिजे: नखाने होणारी वेदना खाजेला क्षणभर झाकून टाकते. पण त्याच नखाने त्वचा आणखी चिडते, सूज वाढते, कंड दुप्पट होऊन परत येतो आणि साल गेले की नखातले जंतू आत शिरतात. घोट्यावर दोन दिवसांत जिरायची गांध मी एकदा पंधरा दिवस जोपासली आहे, खपली धरू दिली आणि पुन्हा काढली. त्यात डासाचा वाटा एका मिनिटाचा होता.

उपचार अगदी साधे आहेत, म्हणूनच आपला त्यांवर विश्वास बसत नाही. जागा साबणाने आणि पाण्याने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, वर कॅलामाइनचे लोशन लावावे. खाण्याचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून लावला तरी बरे वाटते. खाज फारच असेल तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम किंवा अँटिहिस्टामिनची गोळी उपयोगी पडते. लाली पसरू लागली, जागा गरम लागली किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. ओठ-चेहरा सुजून श्वास अडू लागला तर क्षणही दवडू नये. डास चावल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर प्रश्न खाजेचा राहत नाही. रक्त तपासून घ्यावे.

तरी हे सगळे वरातीमागून घोडे. डास चावूच नये म्हणून माणसाने केलेल्या खटपटींत मला सर्वांत आवडतो तो धुराच्या वेटोळ्याचा शोध. जपानमधल्या एइचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाच्या चूर्णापासून डासांची उदबत्ती केली, पण ती पाऊण तासाच्या आतच विझे. तिला वेटोळ्याचा आकार देण्याची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची, आणि त्या आकारामुळे ती रात्रभर पुरू लागली. कल्पना सुंदर आहे, पण बंद खोलीतला तो धूर आपल्याही फुप्फुसांत जातो, त्यामुळे माझे तिच्यावरचे प्रेम आता दुरूनच आहे.

अंगाला लावायच्या औषधांत डीट हे जुने आणि भरवशाचे. 1944 मध्ये अमेरिकेत ते सैनिकांसाठी तयार झाले. ते डासाला मारत नाही, फक्त आपला माग चुकवते. प्लास्टिकला मात्र ते सोडत नाही: माझ्या घड्याळाचा पट्टा त्याने चिकट करून ठेवला आहे. उन्हापासून वाचवणारे मलम लावायचे असेल तर ते आधी आणि डीट नंतर लावावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावूच नये. साधा पंखाही पुष्कळ काम करतो, कारण डास उडण्यात कच्चा असतो आणि वाऱ्याने आपल्या श्वासाचा मागही विस्कटतो. मच्छरदाणीला तोड नाही, फक्त झोपेत कोपर जाळीला टेकू देऊ नये. जाळीतून चावणे डासाच्या मादीला सहज जमते. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवण्याचा दावा करणारी यंत्रे मात्र शोभेची आहेत.

एवढे सगळे करूनही माझ्या खोलीत डास येतच राहिले, तेव्हा एका सकाळी खिडकीतल्या कुंडीखालची बशी ओढून पाहिली. बोटभर पाण्यात पंधरा-वीस अळ्या डोके खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या होत्या, शेपटाकडच्या नळीने श्वास घेत. माझी सावली पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे मी रात्री ज्यांना टाळ्या वाजवून मारत होतो, त्यांचे पाळणाघर उशीपासून चार हातांवर होते. पाणी मातीत ओतून दिले, पण तेवढ्याने भागत नाही. दिवसा चावणाऱ्या पट्टेरी डासांची अंडी पाण्याच्या रेषेलगत काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून घासणी घेऊन बशीचा काठ खरवडत बसलो. दोन्ही हात त्यात गुंतलेले होते, त्यामुळे घोट्यावरच्या गांधीची तेवढा वेळ नखापासून सुटका झाली.