पाठकोऱ्या कागदांची वही, जुन्या शर्टाच्या कव्हरात

पाठकोऱ्या कागदांची वही करायची म्हटली की सगळे छापील बाजूपाशी अडतात. एक पान कोरं, पुढच्यावर कुठलं तरी जुनं पत्रक. कच्च्या कामाला ठीक, पण जिवलग माणसाच्या हातात देववत नाही. उपाय घडीत आहे. ए४ कागद छापील बाजू आत घेऊन मधोमध दुमडा आणि घडी पान उलटायच्या कडेला ठेवा. मोकळ्या दोन्ही कडा शिलाईत जातात, छपाई पानाच्या पोटात बंद होते. ३० कागदांत लिहायला ६० कोऱ्या बाजू मिळतात.

गडद छपाई पलीकडून दिसते, ते कागद वगळा. खात्याचे नंबर किंवा तपासणीचे रिपोर्ट असलेलेही नकोत, घडीत डोकावलं की वाचता येतात. प्रत्येक घडी चमच्याच्या पाठीने दाबा आणि गठ्ठा रात्रभर वजनाखाली ठेवा. हे टाळलं तर वही घडीच्या बाजूने फुगते आणि कायम अर्धवट उघडी राहते.

आता कव्हर. शर्ट कुणाचा, यातच या भेटीचा जीव आहे. कॉलर आणि कफ आधी विरतात, पाठ आणि खिशाचा भाग बहुधा शाबूत असतो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीला वडिलांच्या रोजच्या शर्टाची वही मिळाली, तर त्या चौकटी ती न सांगता ओळखते. पण विचारल्याशिवाय कात्री लावू नका. तो माणूस आता नसेल, तर घरातल्या सगळ्यांना विचारा.

कापड सुती हवं. पॉलिएस्टरला फेव्हिकॉल नीट धरत नाही. धुऊन, इस्त्री करून घ्या. पुठ्ठा साधारण १ मिमी जाड. खोक्याचा नालीदार पुठ्ठा शिलाईखाली चेपतो. प्रत्येक कव्हरसाठी २१० मिमी उंचीचे दोन तुकडे कापा: २० मिमी रुंद पट्टी आणि १२७ मिमी रुंद फळी. दोघांत ३ मिमी फट ठेवून कापडावर चिकटवा. ही फट म्हणजे बिजागरी. एकसंध पुठ्ठ्याला नुसती रेघ पाडली, तर तो तिथेच पिचतो. समोरच्या कव्हरवर शर्टाचा खिसा तसाच ठेवता येतो, मात्र तो फळीत मावतो का ते आधी मोजा.

फेव्हिकॉल पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही, आणि पातळ हात फिरवा. जाड थर कापडातून वर येऊन डाग पडतो. खिशात प्लास्टिकचा तुकडा सरकवून ठेवा, नाहीतर खिसा आतून चिकटून बसेल. कापड चारी बाजूंनी २० मिमी जास्त घ्या. कोपरे तिरपे कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून २ ते ३ मिमी सोडा, म्हणजे दुमडल्यावर टोक उघडं पडत नाही. कापड वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं आणि कव्हर वाकतं. म्हणून त्याच बैठकीत आतल्या बाजूला कागद चिकटवा, तो फटीत नखाने बसवा आणि २४ तास वजनाखाली ठेवा.

शिलाईच्या कडेपासून १२ मिमी आत, वरून १५, ७५, १३५ आणि १९५ मिमीवर भोकं पाडा. गठ्ठ्याच्या वर-खाली कव्हरं ठेवा, पट्ट्या शिलाईच्या कडेला. सगळं चिमट्यांनी घट्ट धरून, खाली लाकूड ठेवून, बारीक खिळा सरळ ठोका. तिरका गेला की मागची रांग हलते. दोरा जाड सुती, १ मीटर, मेणबत्तीवर घासलेला. शिवणाचा बारीक दोरा कागद कापतो. दाभण घ्या.

गठ्ठ्याच्या मधल्या पानांतून दुसऱ्या भोकातून वर या आणि आत ५ सेंमी दोरा सोडा. पाठीभोवती, म्हणजे शिलाईच्या कडेभोवती, वळसा घालून पुन्हा त्याच भोकातून वर या. तिसऱ्यातून खाली, वळसा, पुन्हा खाली. चौथ्यातून वर, वळसा, पुन्हा वर. मग वहीच्या खालच्या टोकाभोवती वळसा घालून आणखी एकदा वर. परत फिरा: तिसऱ्यातून खाली, दुसऱ्यातून वर, पहिल्यातून खाली. तिथेही पाठीला एक आणि वरच्या टोकाला एक वळसा. शेवटी मागून दुसऱ्या भोकात शिरून मधल्या पानांत निघा आणि सोडलेल्या टोकाशी गाठ मारा. दोरा प्रत्येक टाक्याला ओढत चला; शेवटी एकदम ओढला तर काही टाके ढिलेच राहतात.

ही वही सपाट उघडत नाही, म्हणून शिलाईच्या बाजूला २५ मिमी समास सोडावा लागतो. मांडीवर घेऊन लिहिणाऱ्याला ती अडचणीचीच, त्याच्यासाठी दुसरं काही करा. डोळे कमकुवत झालेल्या आजोबांसाठी दुमडण्याआधीच १२ मिमी अंतरावर ठळक रेघा मारून ठेवा. खिशात ठेवायला तासलेली पेन्सिल बरी. पेनाची क्लिप जुन्या कापडाचा धागा ओढते.