गोलाईत पळालेली गुळी

माझी अ‍ॅनिमेशनची छोटी फिल्म पुरी झाली. पाच मिनिटांची आहे, संवाद एकही नाही. गुळी नावाचं मांजरीचं पिल्लू फटाक्याला भिऊन आडतीतून पळतं आणि लातूरच्या गंजगोलाईत हरवतं, एवढीच गोष्ट.

गोलाईच का, हे लातूरकराला सांगावं लागत नाही. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिथून फुटणारे १६ रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. माणूस पाट्या वाचून वाट काढतो. वीतभर उंचीच्या जिवानं काय करायचं? म्हणून अख्ख्या फिल्ममध्ये आपली नजर गुडघ्याच्या वर जातच नाही. धोतराचे सोगे, लुगड्याचे काठ, हातगाड्यांची चाकं, पोत्यांची शिवण. चेहरा कुणाचाच नाही.

जीव ओतला तो तिच्या चालीत. मांजर चालताना एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, नंतर दुसऱ्या बाजूचे दोन्ही टाकतं. मोठ्या भाटीचा मागचा पाय जवळपास पुढच्याच्या ठशात पडतो. गुळीचा मी मुद्दाम थोडा बाजूला पाडलाय, लहान आहे ती. साध्या चालीला सेकंदाच्या २४ फ्रेमना १२ चित्रं पुरतात. पळताना मात्र पाठ धनुष्यासारखी वाकते, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढं येतात, मध्येच चारही हवेत असतात. तिथं प्रत्येक फ्रेमचं चित्र वेगळं काढलं. ती आठ सेकंदं मला सगळ्यात प्रिय आहेत.

सगळं काम ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, ते फुकट मिळतं. मांजराच्याच प्रवासावरची 'फ्लो' ही लाटव्हियातली फिल्मही त्यातच केलेली. तिला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा मला फार बळ आलं. आवाज भाच्यानं टिपले. "आत्या, दुकानं उघडायच्या आत जाऊ, नाहीतर नुसते हॉर्नच येतील," हे त्याचंच डोकं.

परवा ओळखीच्या हमालमामांना मोबाइलवर दाखवली. मध्येच म्हणाले, "आता मिरचीच्या लाइनीत आलं बघा."

"मामा, कशावरून?"

"पिल्लू शिंकायलंय की!"

१६ पैकी चारच रस्ते मावलेत. तुमच्या ओळखीचा कोणता दिसला ते पाहून नक्की कळवा. लहान लेकरांना सोबत बसवा; शेवटी गुळीला तिची आई सापडते, हे आधीच सांगून ठेवा.