पावसाळ्यात साताऱ्यात पक्षी बघायला येताय? चाळकेवाडीची गाडीवाट आधी वाचा

जुलैत साताऱ्यात पक्षी बघायला येणाऱ्याच्या हातात सगळे एकच यादी ठेवतात: कास, बामणोली, चाळकेवाडी. यादीसोबतचे फोटो मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरचे असतात. जुलैत कासच्या पठारावर बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, फुलं ऑगस्टअखेरशिवाय नाहीत, आणि यवतेश्वर घाटात दरड आली की परतायची वाट बंद. कास सरळ गाळा. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. कुणी जुलैतली सफारी विकत असेल तर तो थापा मारतोय.

चाळकेवाडीला युवराज आणि मलबारी चंडोल हे पक्षी पावसाळ्यात गातात, म्हणून तिथे जाण्यात अर्थ आहे. ठोसेघरपर्यंतचा रस्ता ठीक. खरी कटकट पठारावर, पवनचक्क्यांकडे फुटणाऱ्या आडवाटांवर. वरून मुरूम चोपून बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो दोन-चार बोटं जाड, खाली जांभा, आणि कडेचा मुरूम पाण्याने कधीच वाहून जाऊन तिथे चर पडलेला. त्या चरावर गवत माजलेलं असतं, त्यामुळे कड कुठे संपते ते कळत नाही. समोरून डंपर आला म्हणून डावं चाक खाली घेतलं की गाडी पोटावर बसते. इथे एक्सिलरेटर दाबणं हा सगळ्यात वाईट उपाय: चाक जागेवर फिरतं, उरलासुरला मुरूम मागे फेकतं आणि ओल्या गुळगुळीत दगडावर जाऊन बसतं. चाकामागचा चिखल फावड्याने काढा, गोणपाट दुमडून चाकाखाली घट्ट सारा, स्टेअरिंग सरळ ठेवा आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये हळूच मागे या. म्हणजे डिकीत दोन गोणपाटं, लहान फावडं आणि टो दोरी हवीच. टो हुक बंपरच्या झाकणामागे कुठे बसतो ते घरीच बघून ठेवा, नाहीतर पावसात मॅन्युअल वाचत बसायची वेळ येते. ट्रॅक्टर बोलावावा लागला तर दोरी बांधण्याआधी पैसे ठरवा. गाडी हलल्यावर सांगितलेला आकडा वेगळाच असतो, आणि तेव्हा घासाघीस करायला तोंड उरत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे आडवाटेला गाडी घालायचीच नाही. डांबरी सोडू नका, पुढे चालत जा. युवराज रस्त्याकडेच्या खडकावर, झुडपाच्या शेंड्यावर बसूनच गातो, त्यासाठी पवनचक्कीच्या बुडाशी जायची गरज नाही. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा. वारा मागून असला तर दार हातातून सुटून बिजागरी वाकवतं. काच वारा अडलेल्या बाजूची खाली घ्यायची आणि इंजिन बंद. धुकं दहा-पंधरा मिनिटांसाठी फाटतं, तेवढाच वेळ तुमचा. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना दंड करायला हवा. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. लो बीम पुरतो. पठारावरून पाटणकडे उतरायचं असेल तर मोबाईल दाखवतो तो वेळ दुप्पट धरा. रविवारी सडावाघापूरच्या उलट्या धबधब्याची गर्दी असते, त्या दिवशी ती बाजू नकोच.

ठोसेघरला पहाटे जा, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐका, आठ वाजता निघा. त्यानंतर भिजलेल्या पर्यटकांचे कळप आणि कणसंवाले.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १०×४२ ढगाळ अंधारात कमी उजेड देते आणि वाऱ्यात हाताचा थरथराटही जास्त दाखवते. मुक्कामापासून एसी लावून आलात तर बाहेर पडताच भिंगांवर वाफ धरते. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद, दुर्बीण-लेन्स बंद पिशवीत. समोरची काच आतून धुरकटली तर मात्र तेवढ्यापुरता एसी आणि बाहेरची हवा काचेवर सोडा. खिडकीवर लेन्स टेकवायच्या पिशवीत मूग-तांदूळ भरू नका. मुगाला मोड येतात आणि गाडीला जो वास लागतो तो दिवाळीपर्यंत जात नाही.

आता जिथे खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं ती जागा: पूर्व भाग. महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिमीच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात जेमतेम ५००. साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव. घाट उतरला की बहुतेक वेळा वायपर बंद करावा लागतो. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी, माळावर टिटव्या नि लावे. चातक शोधायचा असेल तर सातभाईंच्या थव्यामागे राहा, कारण तो अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो. रस्ता सपाट, चहा स्वस्त, सांगण्यासारखं फारसं काही नाही. एवढं पाळा: काळ्या रानात चाक घालू नका, ओली काळी माती चाळकेवाडीच्या चरापेक्षा वाईट, शिवाय पेरलेल्या बाजरीतून चाललात तर शिव्या खाल आणि त्या योग्यच असतील. येरळवाडी आणि मायणीचे तलाव जुलैत टाळा. इकडचा मोठा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला, आणि रोहित पक्षी त्यानंतर हिवाळ्यात.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने जाते. त्या दिवसांत पुण्याहून फलटणमार्गे माणमधल्या दहिवडीला उतरायचा विचार सोडा. खंबाटकी ओलांडून महामार्गाने साताऱ्यात या आणि तिथून कोरेगाव धरा.