साडेपाचशे डॉलरची गिटार

अमेरिकन गिटारवादक टोनी राइस ऐकला की मी माझी गिटार गुपचूप खोळीत ठेवतो. एवढ्या वेगातही तारा छेडायच्या पिकचा एकेक आघात सुटा, टपोरा!

लहानपणी कॅलिफोर्नियात त्यानं गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटच्या हातात १९३५ची मार्टिन डी-२८ गिटार पाहिली होती, मधलं भोक (साउंडहोल) कोरून मोठं केलेली. १९७३मध्ये क्लॅरेन्सला एका दारुड्याच्या गाडीनं उडवलं. दोन वर्षांनी टोनीनं तीच गिटार ५५० डॉलरला घेतली. (माझ्या गिटारीच्या दुरुस्तीचा हिशेब बायकोपासून लपवलाय.)

१९९४मध्ये त्याचा गाता गळा गेला. बोटं मात्र बोलत राहिली. २०१३मध्ये अमेरिकेतल्या राली शहरातल्या सत्कारात घोगरं बोलता बोलता क्षणभर जुना, स्वच्छ आवाज उमटला. तेवढं मी पुन्हा पुन्हा ऐकतो. २०२०च्या नाताळात सकाळची कॉफी करतानाच तो गेला.